घर तुमचं, होकार दुसऱ्याचा: अमेरिकेत झडतीची परवानगी कोण देऊ शकतं?

तुम्ही बाहेर गेला आहात. घरी रूममेट एकटा आहे. दारावर दोन पोलीस येतात. वॉरंट वगैरे काही नाही, नुसतं विचारतात, "आत येऊन जरा बघितलं तर चालेल ना?" रूममेट बिचकतो आणि म्हणतो, "या." हॉलमधल्या कपाटात तुमची एखादी वस्तू सापडते आणि तीच पुढे कोर्टात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून येते. तुम्ही म्हणता, "मी कुठे परवानगी दिली होती?" अमेरिकी न्यायालयाचं उत्तर बहुतेक वेळा असं असतं: तुम्ही दिली नव्हती हे मान्य, पण जिने किंवा ज्याने दिली त्याला ती देता येत होती.

हे उत्तर पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अन्यायाचं वाटतं. माझा हक्क दुसरा कोणी कसा काय सोडून देऊ शकतो? गेल्या साठेक वर्षांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर एकामागून एक निकाल दिले आहेत. ते ओळीने वाचले की एक गोष्ट लक्षात येते. घर कोणाच्या नावावर आहे, याला या कायद्यात फारसं महत्त्व नाही. महत्त्व आहे ते दोन गोष्टींना: ती जागा रोजच्या रोज कोण कोण वापरतं, आणि दारात उभ्या असलेल्या पोलिसाला त्या क्षणी काय समजणं वाजवी होतं. (हे सगळं अमेरिकेपुरतं. आपल्याकडची पंच आणि पंचनाम्याची पद्धत वेगळी आहे, तिथे यातलं काही लावायला जाऊ नये.)

मुळात वॉरंट लागतं, मग संमती कुठून आली?

अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती 1791 साली अमलात आली. माणसाचा देह, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती किंवा जप्ती करता येणार नाही, आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट निघणार नाही, एवढं ती सांगते. संमतीचा त्यात उल्लेखही नाही. पण न्यायालयांनी हळूहळू वॉरंटच्या नियमाला अपवाद मान्य केले. कोणाचा जीव धोक्यात असेल किंवा पुरावा नष्ट होत असेल तर पोलीस वॉरंटशिवाय आत शिरू शकतात. तसंच, माणसाने स्वखुशीने "बघा" म्हटलं तरीही वॉरंट लागत नाही. रोजच्या व्यवहारात पोलिसांना सगळ्यात सोयीचा अपवाद हा दुसरा. न्यायाधीशाकडे जायचं नाही, शपथपत्र लिहायचं नाही, फक्त विचारायचं.

आणि विचारताना "तुम्ही नाही म्हणू शकता" हे सांगण्याचं बंधन पोलिसांवर नाही. 1973 सालच्या श्नेकलॉथ खटल्यात हे ठरलं. त्याची हकीकत आपल्या विषयाला इतकी लागू पडते की ती सांगायलाच हवी. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावी रात्री अडीचच्या पुढे पोलिसांनी एक गाडी थांबवली. गाडीचा एक हेडलाइट आणि नंबरप्लेटचा दिवा बंद होता. आत सहा जण. चालवणाऱ्याकडे परवाना नव्हता. एकाकडेच होता, आणि तो म्हणाला, गाडी माझ्या भावाची आहे. पोलिसांनी विचारलं, गाडी तपासू का? तो म्हणाला, हो, तपासा. मागच्या सीटखाली चुरगळलेले तीन चोरीचे चेक सापडले आणि शिक्षा झाली ती गाडीतल्या तिसऱ्याच माणसाला. म्हणजे गाडी एकाची, होकार दुसऱ्याचा आणि शिक्षा तिसऱ्याला! न्यायालयाने सांगितलं की संमती खुशीने दिली का, हे एकूण परिस्थितीवरून ठरवायचं. नकार देता येतो हे माहीत होतं का, हा त्यातला एक मुद्दा, पण तो निर्णायक नाही. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधी मत नोंदवलं. नकाराचा पर्याय आहे हे ज्याला ठाऊकच नाही, त्याने निवड केली असं कसं म्हणायचं, हा त्यांचा आक्षेप होता. मला तो आजही बिनतोड वाटतो, पण कायदा त्यांच्या बाजूने गेला नाही.

संमतीला एक खालची मर्यादा मात्र आहे. 1968 च्या बंपर खटल्यात नॉर्थ कॅरोलिनातल्या एका आडवाटेच्या घरी चार गोरे पोलीस गेले. घरात 66 वर्षांच्या कृष्णवर्णीय आजीबाई होत्या. पोलिसांनी सांगितलं, आमच्याकडे झडतीचं वॉरंट आहे. आजी म्हणाल्या, या, बघा. स्वयंपाकघरात रायफल सापडली आणि नातवावर खटला उभा राहिला. पुढे कोर्टात सरकारी पक्षाने वॉरंटचा आधार घेतलाच नाही, आजींनी संमती दिली होती एवढ्यावरच भिस्त ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने ती संमती मानली नाही. "वॉरंट आहे" असं सांगणं म्हणजे "तुम्हाला अडवण्याचा अधिकार नाही" असं सांगणं. त्यानंतरचा होकार ही खुशी नव्हे, वर्दीपुढे नमणं आहे. याउलट "तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही वॉरंट मागायला जाऊ" असं पोलीस म्हणाले आणि त्यांच्याकडे खरोखरच तेवढं कारण असेल, तर न्यायालयं सहसा त्याला जबरदस्ती मानत नाहीत. फरक बारीक आहे, पण अशा बारीक फरकांवरच हे खटले फिरतात.

घरमालकाकडे किल्ली आहे, हक्क नाही

आता दुसऱ्याच्या संमतीकडे. इथे सगळ्यांचा पहिला गैरसमज घरमालकाबद्दल असतो. घर त्याचं, म्हणजे पोलिसांना आत घेण्याचा हक्कही त्याचाच असणार, असं वाटतं. तसं नाही. 1961 च्या चॅपमन खटल्यात जॉर्जियातल्या एका घरमालकाला भाड्याने दिलेल्या घरातून आंबवणाचा वास आला. त्याने पोलीस बोलावले, आणि त्याच्या सांगण्यावरून ते खिडकीतून आत शिरले. आत दारूची भलीमोठी भट्टी आणि 1300 गॅलन आंबवण सापडलं. पुरावा इतका ढळढळीत असूनही न्यायालयाने झडती बेकायदा ठरवली. भाडेकरूच्या घराची झडती घ्यायची परवानगी घरमालक देऊ शकत नाही. नळदुरुस्तीला किंवा पाहणीला आत यायचा हक्क भाडेकरारात त्याला असला, तरी तो त्याच्या कामापुरता. तो हक्क त्याला पोलिसांच्या हवाली करता येत नाही.

तीन वर्षांनी हाच नियम हॉटेलला लागला. मन्रोव्हिया गावात एका किराणा बाजारावर दरोडा पडला, त्यावरून पोलीस शेजारच्या पोमोनातल्या एका हॉटेलात पोचले. संशयित खोलीत नव्हता. रात्रपाळीच्या क्लार्कने आनंदाने खोली उघडून दिली. आत पिस्तूल सापडलं. 1964 च्या स्टोनर निकालात न्यायालय म्हणालं की हा हक्क पाहुण्याचा होता, क्लार्कचा किंवा हॉटेलचा नव्हे. साफसफाईला खोलीत माणसं येणार हे पाहुणा गृहीत धरतो, पण पोलीस येणार हे गृहीत धरत नाही. अर्थात खोलीची मुदत संपली, तुम्ही चेकआउट केलं, की ताबा हॉटेलकडे परत जातो आणि मग हॉटेल संमती देऊ शकतं.

शिकायला गेलेल्या मुलांसाठी याच धाग्यातला एक निकाल कामाचा आहे. अलाबामातल्या ट्रॉय स्टेट विद्यापीठाने आपल्या नियमावलीत वसतिगृहाच्या खोल्या तपासण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला होता. त्या जोरावर पोलिसांनी गांजासाठी खोल्यांची झडती घेतली. 1971 मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितलं की विद्यापीठाचा तपासणीचा हक्क विद्यापीठाच्या कामापुरता आहे, फौजदारी खटल्यासाठी पुरावा शोधायला तो पोलिसांना उसना देता येत नाही. रूममेटची गोष्ट मात्र वेगळी, कारण तो त्या खोलीत राहतो.

सोबत राहण्याची जोखीम

रूममेट, नवरा-बायको, जोडीदार, एका घरात राहणारे भाऊ यांच्याबाबत पायाभूत निकाल 1974 चा, मॅटलॉक खटल्याचा. बँक दरोड्याचा संशयित विस्कॉन्सिनमधल्या एका घराच्या अंगणात पकडला गेला. पोलिसांनी त्याला जवळच पोलीस गाडीत बसवलं आणि दार ठोठावलं. घर भाड्याने घेणाऱ्या जोडप्याची मुलगी दार उघडायला आली, कडेवर तीन वर्षांचं मूल होतं. तिने आत बघायला परवानगी दिली. जी खोली ती आणि तो संशयित मिळून वापरत, तिच्या कपाटात लंगोटांच्या पिशवीत 4,995 डॉलर रोख सापडले. संशयित हाकेच्या अंतरावर होता, पण "तुझी हरकत आहे का?" असं त्याला कोणी विचारलंच नाही.

न्यायालयाने झडती वैध धरली आणि एक कसोटी दिली: जागेवर सामाईक अधिकार आहे का? हा अधिकार मालकीहक्काच्या कागदावरून ठरत नाही. जी माणसं जागा एकत्र वापरतात, जवळजवळ सगळ्या कामांसाठी तिथे वावरतात, त्यातल्या प्रत्येकाला स्वतःच्या हक्काने कोणालातरी आत घेता येतं, आणि बाकीच्यांनी ही जोखीम पत्करलेली असते. मुद्दा असा की ती तुमच्या वतीने संमती देत नव्हती. ती तिच्या स्वतःच्या घराबद्दल होकार देत होती, आणि ते घर तुमचंही निघालं.

त्याआधी 1969 मध्ये फ्रेझियर खटल्यात हेच एका बॅगेबद्दल झालं होतं. दोन चुलत-मावस भावंडांनी मिळून वापरलेली डफल बॅग. एकाने पोलिसांना ती उघडायला दिली, आत दुसऱ्याचे कपडे निघाले. दुसऱ्याचा युक्तिवाद काय, तर होकार देणाऱ्या भावाला बॅगेचा एकच कप्पा वापरायची मुभा होती! न्यायालयाने अशा तात्त्विक कीसकाढूपणात शिरायला नकार दिला. तू बॅग त्याच्या हाती दिलीस, जोखीम तुझी.

पण सामाईक अधिकार म्हणजे घरातली प्रत्येक वस्तू नव्हे. हॉल, स्वयंपाकघर, एकत्र वापरलं जाणारं कपाट, गॅरेज यांना रूममेटचा होकार पुरतो. तुमची स्वतंत्र झोपायची खोली, विशेषतः तुम्ही कुलूप लावता आणि तो तिथे येत नाही अशी, हे वेगळं प्रकरण आहे. तुमच्या खोलीत तो कधीतरी चार्जर शोधायला येतो एवढ्याने ती त्याची होत नाही. बंद सुटकेस, पर्स, कुलूपबंद पेटी यांबाबत न्यायालयं आणखी सावध असतात. घराचा मालक घर दाखवू शकतो, पण पाहुण्याने ठेवायला दिलेली बंद बॅग उघडून दाखवण्याचा अधिकार त्याला आपोआप मिळत नाही. म्हणूनच खटल्यात वकील ज्या प्रश्नांवर तास घालवतात ते वरवर क्षुल्लक दिसतात: दार बंद असायचं की उघडं? किल्ली किती जणांकडे होती? बॅगेवर नाव होतं का? इस्त्रीचे कपडे कोण आत ठेवायचं?

आईवडील आणि मुलं यांचंही असंच. अल्पवयीन मुलाच्या खोलीला पालकांचा होकार जवळजवळ नेहमी चालतो. मुलगा सज्ञान झाला, भाडं देऊ लागला, दाराला कुलूप लावू लागला, की पालकांचा अधिकार पातळ होत जातो. उलट, दार उघडणाऱ्या लहान मुलाने "या" म्हटलं तर? ठरावीक वयाची रेषा नाही. मूल किती मोठं, त्याला घरात कोणाला घेण्याची मुभा असते, पोलीस फक्त उंबऱ्याच्या आत आले की सगळी कपाटं उपसली, हे पाहिलं जातं. नोकरीच्या ठिकाणी, कंपनीच्या सामाईक जागेत, मालक संमती देऊ शकतो. तुमच्या एकट्याच्या वापरातल्या कुलूपबंद खणाबद्दल कंपनीचे नियम काय सांगतात यावर बरंच अवलंबून असतं.

पोलिसाचा समज चुकला तर

समजा होकार देणाऱ्याकडे अधिकार नव्हताच, पण पोलिसाला वाटलं की आहे. मग?

1985 साली शिकागोत एका स्त्रीला जबर मारहाण झाली होती. तिने पोलिसांना एका फ्लॅटपाशी नेलं, बोलताना "आमचा फ्लॅट" असा उल्लेख केला, तिथे माझे कपडे आणि सामान आहे म्हणाली, आणि स्वतःजवळच्या किल्लीने दार उघडून दिलं. आत मारहाण करणारा झोपला होता आणि आसपास कोकेन होतं. नंतर उघड झालं की ती काही आठवड्यांपूर्वीच तिथून निघून गेली होती. भाडेकरारावर तिचं नाव नव्हतं, भाड्यात तिचा वाटा नव्हता. तिचा सामाईक अधिकार संपला होता. तरीही 1990 च्या रॉड्रिग्ज निकालात न्यायमूर्ती अँटोनिन स्कलिया यांनी लिहिलं की चौथी दुरुस्ती पोलीस नेहमी बरोबरच असतील अशी हमी देत नाही, ते वाजवी वागतील अशी हमी देते. त्या वेळी समोर असलेल्या माहितीवरून कोणाही समंजस माणसाला तिचा अधिकार खरा वाटला असता, तर झडती वैध. प्रत्यक्षात या पोलिसांचा समज वाजवी होता का, हे तपासायला प्रकरण खाली परत पाठवलं गेलं.

सबंध विषयातली खरी गोम या निकालात आहे असं मला वाटतं. इथे तुमच्या हक्काचा निकाल तुमच्या वागण्यावर होत नाही. ज्याच्याकडे अधिकार आहे त्याच्याही वागण्यावर नाही. एका तिऱ्हाइताने दुसऱ्या तिऱ्हाइताला काय भासवलं, यावर होतो. निकालाने एक बंधन ठेवलं हे खरं: संशय येण्यासारखी परिस्थिती असेल तर पोलिसाने पुढे विचारायला हवं. दार उघडणारा नुसता "मी इथे राहतो" म्हणाला आणि घराची कळा वेगळंच सांगत असेल, तर तेवढ्यावर आत शिरून चालत नाही. आणि चूक वस्तुस्थितीची हवी, कायद्याची नाही. घरमालक संमती देऊ शकतो असा पोलिसाचा प्रामाणिक गैरसमज असला तरी तो त्याला वाचवत नाही.

हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये राज्याच्या स्वतःच्या घटनेखाली ही भासमान अधिकाराची सूट नाकारली. तिथे होकार देणाऱ्याकडे खरा अधिकार असावा लागतो. राज्यं केंद्रापेक्षा जास्त संरक्षण देऊ शकतात, कमी देऊ शकत नाहीत, म्हणून कोणत्या राज्यात आहात हे विचारल्याशिवाय या विषयावर ठाम बोलू नये.

एक हो म्हणतो, दुसरा नाही

आता सगळ्यात नाट्यमय भाग. दोघंही दारात आहेत आणि मतं वेगळी आहेत.

2001 साली जॉर्जियातल्या अमेरिकस गावात एका घरगुती भांडणावरून पोलीस आले. बायकोने सांगितलं, नवरा कोकेन घेतो, घरात पुरावाही आहे. नवरा तिथेच होता, पेशाने वकील. सार्जंटने त्याला झडतीबद्दल विचारलं, त्याने साफ नकार दिला. मग सार्जंटने बायकोला विचारलं. ती लगेच तयार झाली आणि त्यांना वरच्या खोलीत घेऊन गेली. तिथे पांढरी पूड लागलेली स्ट्रॉ मिळाली.

2006 मध्ये रँडॉल्फ निकालात सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 3 मतांनी सांगितलं की समोर हजर असलेल्या रहिवाशाने स्पष्ट नकार दिला, तर दुसऱ्याच्या होकाराने त्याच्याविरुद्ध झडती घेता येत नाही. न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांचा युक्तिवाद साध्या शिष्टाचाराचा होता. तुम्ही कोणाच्या दारात गेलात, एक जण म्हणाला या, आणि दुसरा तिथेच उभा राहून म्हणाला बाहेर राहा, तर कोणता शहाणा माणूस आत पाऊल टाकेल? सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांना हे पटलं नाही. घराघरांतले शिष्टाचार वेगळे असतात, आणि अशा नियमाने फक्त नशिबाने दारात हजर असलेल्यालाच संरक्षण मिळतं, असं त्यांनी विरोधी मतात म्हटलं. दुसरा मुद्दा खरा आहे, आणि गंमत म्हणजे सूटर यांनीही तो लपवला नाही. आपण फार बारीक रेषा आखतोय हे त्यांनी कबूल केलं. दारात उभं राहून हरकत घेणारा जिंकतो. शेजारच्या खोलीत झोपलेला किंवा मॅटलॉकसारखा पोलीस गाडीत बसलेला, ज्याला कोणी विचारलंच नाही, तो हरतो. हरकत घेईल म्हणून मुद्दाम त्याला तिथून दूर नेणं मात्र पोलिसांना चालणार नाही, एवढी सोय त्यांनी ठेवली.

मारहाण झालेल्या जोडीदाराचं काय, हा प्रश्न त्या वेळी सर्वांच्या मनात होता. न्यायालयाने स्पष्ट केलं की कोणाला इजेपासून वाचवायला पोलीस आत जाऊ शकतात, नकार देणाऱ्याच्या नकारामुळे ते अडत नाहीत. पुरावा शोधायला जाणं आणि माणूस वाचवायला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आठ वर्षांनी ती बारीक रेषा आणखी बारीक झाली. 2009 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका दरोड्याचा माग काढत पोलीस एका इमारतीपाशी आले. फ्लॅटमधून किंचाळण्याचा आवाज आला. दार उघडणाऱ्या स्त्रीच्या चेहऱ्यावर मार होता, अंगावर रक्त होतं. मागून एक पुरुष आला आणि म्हणाला, तुम्हाला आत यायचा हक्क नाही, मला माझे हक्क माहीत आहेत. पोलिसांनी त्याला अटक करून ठाण्यावर नेलं. तासाभराने ते परत आले, आणि त्या स्त्रीने तोंडी व लेखी संमती दिली. झडतीत बंदूकही सापडली. रँडॉल्फप्रमाणे हा माणूस दारात होता आणि त्याने नकार दिला होता. मग?

2014 च्या फर्नांडिस निकालात 6 विरुद्ध 3 मतांनी ठरलं की त्याचा नकार तो तिथे असेपर्यंतच टिकतो. अटक वाजवी कारणाने झाली असेल, तर तो घरी नाही एवढंच खरं, आणि मग घरात असलेल्या स्त्रीचा होकार पुरेसा. न्यायमूर्ती सॅम्युएल अॅलिटो यांचा एक मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही: मार खाल्लेल्या स्त्रीला स्वतःच्या घरात पोलिसांना बोलावण्याचा हक्क असायला नको का? न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचं उत्तर होतं की तिला वाचवायला कोणी अडवलं नव्हतंच. तो कोठडीत, घाई काहीच नाही, अशा वेळी वॉरंट घ्यायला किती वेळ लागला असता? मला दोन्ही बाजू पटतात, पण परिणाम विचित्र झालाय हे नाकारता येत नाही. "माझी हरकत आहे" हे वाक्य ते बोलणाऱ्याला बेड्या पडल्या की तासाभरात निकामी होऊ शकतं.

संगणक आणि फोन

घराचे नियम संगणकाला लावताना न्यायालयांची दमछाक झालेली दिसते. 2001 मध्ये एका अपील न्यायालयाने म्हटलं की दोघं एकच संगणक वापरत असले, तरी एकाने स्वतःच्या फायलींना पासवर्ड लावला असेल आणि तो दुसरीला माहीत नसेल, तर तिच्या होकाराने त्या उघडता येणार नाहीत. पासवर्ड म्हणजे कुलूपच, असं सरळ उत्तर. 2007 मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयापुढे वेगळीच परिस्थिती आली. 91 वर्षांच्या वडिलांनी 51 वर्षांच्या मुलाच्या खोलीतला संगणक तपासायला होकार दिला. पोलिसांच्या सॉफ्टवेअरने पासवर्ड आहे की नाही हे न पाहताच हार्ड डिस्क वाचली. न्यायालयाने बहुमताने झडती मान्य केली, कारण इंटरनेटचं बिल वडील भरत आणि पोलिसांना वडिलांचा अधिकार खरा वाटणं वाजवी होतं. कुलूप आहे का हे न बघता दार उघडणारं अवजार वापरायचं आणि मग म्हणायचं की कुलूप दिसलंच नाही! विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीशांना हेच खटकलं, आणि मलाही.

फोनबाबत 2014 च्या रायली निकालाने अटकेत जप्त केलेल्या फोनलाही वॉरंट आवश्यक केलं. पण संमतीचा अपवाद तिथेही कायम आहे. तुमच्या फोनचा पासकोड माहीत असलेली व्यक्ती तो उघडून देऊ शकते का, हे पुन्हा वापर किती सामाईक होता यावरच येतं.

प्रत्यक्षात काय करायचं

दारात असाल आणि झडती नको असेल, तर ते शब्दांत सांगावं लागतं. गप्प राहणं, खांदे उडवणं, बाजूला सरकणं याचा अर्थ पुढे होकार असा लावला जाऊ शकतो. "माझी झडतीला संमती नाही" एवढं शांतपणे, ऐकू जाईल असं म्हणायचं. पोलीस तरीही आत आले तर आडवं पडायचं नाही, हात लावायचा नाही. नकाराचा उपयोग त्या क्षणी कमी आणि नंतर जास्त असतो: वकील कोर्टात पुरावा बाद करण्याचा अर्ज करतो, आणि संमती खरी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षावर येते. त्या सुनावणीत कोणी काय शब्द उच्चारले, त्या वेळी कोण कुठे उभं होतं, यावर सगळं ठरतं.

होकार द्यायचाच असेल तर तो अर्धाही देता येतो: हॉल बघा, बेडरूम नको. 1991 च्या जिमेनो निकालाप्रमाणे संमतीची व्याप्ती समोरच्या समंजस माणसाला जी वाटेल ती. त्या खटल्यात गाडी तपासायच्या परवानगीत गाडीतली कागदी पिशवी आपोआप आली, पण डिकीतली कुलूपबंद ब्रीफकेस फोडायची परवानगी येईलच असं नाही, हेही न्यायालयाने म्हटलं. दिलेला होकार सहसा मध्येच मागेही घेता येतो, मात्र तोवर जे सापडलं ते सापडलं. रँडॉल्फच्या बायकोनेही नंतर संमती मागे घेतली होती, तेव्हा स्ट्रॉ पोलिसांच्या नजरेस पडून गेली होती.

रूममेटशी हे आधी बोलून ठेवणं बरं. त्याने तुमच्या वतीने खोटं बोलावं अशी अपेक्षा नको, पण "ती खोली माझी नाही, मी तिथे जात नाही, मला त्याबद्दल परवानगी देता येत नाही" हे खरं असेल तर त्याने ते नक्की सांगावं. असं ऐकल्यावर पोलिसाला वाजवी गैरसमजाचा आधार उरत नाही. भाडं वेगळं असेल, दाराला कुलूप असेल, तर त्याची नोंद भाडेकरारात असणं चांगलं.

आणि राज्य बघा. न्यू जर्सीमध्ये 1975 पासून सरकारी पक्षाला दाखवावं लागतं की संमती देणाऱ्याला नकाराचा हक्क माहीत होता. वॉशिंग्टन राज्यात 1998 पासून वॉरंटशिवाय घराची झडती मागायला दारात आलेल्या पोलिसांनी आत शिरण्याआधी सांगायचं असतं की तुम्ही नाही म्हणू शकता, व्याप्ती ठरवू शकता आणि होकार कधीही मागे घेऊ शकता. 1973 मध्ये मार्शल यांनी जे मागितलं होतं, ते त्या दोन राज्यांत आहे. बाकी बहुतेक ठिकाणी ते सांगणारं दारात कोणी नसतं.